पोरगं पहिल्यांदा फुटबॉल खेळायला चाललंय? मैदानावर वागायचं कसं, पायरीपायरीनं

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय आहे हे वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार नाहीतर खंडोबा-शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच लागली की पेठेतली शाळकरी पोरं पण दुपारपासून गॅलरीत जागा धरून बसतात, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हापासून तर घराघरातल्या पोरांना वाटतं आपण पण जाऊ शकतो. चांगलंच आहे. नवीन पालक भेटले की विचारतात बूट कुठले घेऊ, कोच कुठला चांगला, फी किती. मैदानावर वागायचं कसं हे मात्र कुणी विचारत नाही, आणि नंतर सगळी भांडणं नेमकी त्याच्यावरूनच होतात.

माझं म्हणणं सरळ आहे. वागणूक भाषण देऊन येत नाही. जसा पासिंगचा सराव घेतो तसा तिचाही घ्यावा लागतो, म्हणजे अमुक प्रसंग आला की अमुक करायचं हे पोराच्या अंगवळणी पडलेलं पाहिजे, कारण मॅचच्या गरमीत विचार करायला वेळच नसतो. हे मी बारा-तेरा वर्षांखालच्या पोरापोरींसाठी लिहितोय, त्यांच्या पालकांसाठी आणि गल्लीतली टीम नव्यानं सांभाळायला घेतलेल्या दादा-ताईंसाठी.

पहिली पायरी: टीम निवडताना

फी भरायच्या आधी एक प्रॅक्टिस सुरुवातीपासून शेवटपर्यंत कडेला उभं राहून बघा. चांगल्या खेळणाऱ्या पोरांकडं बघू नका, ज्याला बॉल अडवता येत नाही त्या पोराकडं बघा. कोच त्याच्याशी कसा बोलतो, बाकीची पोरं त्याला हसतात का, हसली तर कोच काय करतो, एवढ्यावरून त्या टीमचं निम्मं कळतं.

मग कोचला विचारा, मॅचमध्ये सगळ्यांना खेळायला मिळतं का? पोरानं शिवी दिली तर तुम्ही काय करता? आमची काही तक्रार असली तर कुणाशी बोलायचं? "आमच्याकडं असलं काही होत नाही" असं उत्तर आलं तर समजा की नियमच ठरलेला नाही. बारा वर्षांच्या आतल्या पोरांना निदान अर्धी मॅच तरी खेळायला मिळालीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण सीझनभर बेंचवर बसलेलं पोरगं पुढच्या वर्षी येत नाही आणि कोण कधी चांगलं खेळायला लागेल हे त्या वयात कुणालाच सांगता येत नाही.

टीम तुम्हीच काढत असाल तर एका कागदावर मराठीत नियम लिहा. रेफ्रीशी कोण बोलणार, शिवीला काय शिक्षा, उशिरा आल्यावर काय, पालकांनी कुठं उभं राहायचं. एकच पान, त्याच्यावर पोराची, पालकाची आणि कोचची सही. सीझन सुरू व्हायच्या आधी घ्या, भांडण झाल्यावर लिहिलेला नियम कुणालाच पटत नाही.

वय खरं लावा

हा विषय कडू आहे पण टाळून चालणार नाही. चौदा वर्षांचा पोरगा बाराच्या गटात उतरवला की तो धक्क्यावर आणि पळण्यावर जिंकतो, डोकं लावून खेळायचं शिकतच नाही, आणि दोन-तीन वर्षांनी बाकीची पोरं अंगानं भरली की तोच मागं पडतो. समोरच्या लहान पोराला लागतं ते वेगळंच. शिवाय ज्याची खरी जागा होती तो घरी बसतो.

पकडलं जात नाही असंही नाही. खेळाडूची नोंदणी ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस सिस्टीमवर ऑनलाइन होते, तिथं कागदपत्रं लागतात. वरच्या लेव्हलला मनगटाचा एक्सरे काढून हाडांवरून वयाचा अंदाज घेतात, त्याला टीडब्ल्यू थ्री टेस्ट म्हणतात, आणि फिफा तर २००९ पासून सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला मनगटाचं एमआरआय करते. पण ते सगळं बाजूला ठेवा. बापानंच पोराला सांगायचं की कुणी विचारलं तर जन्माचं साल हे सांग, आणि मग त्याच पोराकडून मैदानात खरेपणाची अपेक्षा करायची, हे जमणारच नाही.

म्हणून जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाइड तिन्हीवर तारीख एकच आहे का ते आधी तपासा. चूक असेल तर स्पर्धेच्या आदल्या रात्री पळापळ करण्यापेक्षा आत्ताच दुरुस्त करून घ्या.

बॅग भरताना

शिनगार्ड, म्हणजे नडगीला लावायचे पॅड, नियमानं सक्तीचे आहेत, ते नसतील तर रेफ्री आत घेणार नाही. बारा वर्षांखाली बहुतेक ठिकाणी चार नंबरचा बॉल असतो, पुढं पाच नंबरचा. अंगावर काहीही दागिना चालत नाही, हातातलं चांदीचं कडं, कानातली बाळी, गळ्यातली चेन, रबरी बँड, काहीच नाही, आणि वरून टेप गुंडाळली तरी नाही. आपल्याकडं आजीनं बांधलेला गंडा किंवा देवाचं कडं काढायचं म्हटलं की घरात वाद होतो, तो घरातच आदल्या दिवशी मिटवा. मैदानावर रेफ्रीशी त्यावरून हुज्जत घालू नका, कडं दुसऱ्याच्या डोळ्याला लागू शकतं म्हणून तो नियम आहे.

प्रॅक्टिसमध्ये वागणुकीचा सराव

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश सांगतो.

सुरुवात शिट्टीपासून करा. प्रॅक्टिस मॅचमध्ये कोचनं मधेच कधीही शिट्टी वाजवायची आणि हात दाखवायचा. ज्या टीमच्या विरोधात फाउल दिलाय तिनं बॉल आहे तिथंच सोडायचा आणि मागं जायचं, बस. कुणी बॉल उचलून नेला, पायानं लांब ढकलला, दोन्ही हात पसरून "मी काय केलं" म्हणत उभा राहिला, की त्याच्या टीमविरुद्ध पुन्हा फाउल. मोठ्या मॅचमध्ये फ्री किकला समोरच्यांनी ९.१५ मीटर लांब थांबायचं असतं आणि थ्रो-इनला दोन मीटर, लहान मैदानावर स्पर्धेचा नियम कमी अंतराचा असू शकतो, तो विचारून घ्या. शिट्टीनंतर बॉल लांब मारला तर पिवळं कार्ड असतं हे नव्या पोरांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं कार्ड फक्त पाडल्यावर मिळतं.

दुसरा सराव रेफ्रीशिवाय खेळायचा. दहा मिनिटं मॅच, शिट्टी नाही, ज्याच्या हाताला बॉल लागला किंवा ज्यानं पाडलं त्यानंच हात वर करायचा. पहिल्या दिवशी नुसता कालवा होतो. साइडलाइनवरून बॉल बाहेर गेला की चार पोरं एकदम "आमचा, आमचा" ओरडतात, एक जण बॉल छातीशी धरून बसतो, दुसरा ओढतो. कोचनं लगेच मधे पडायचं नाही, थोडा वेळ जाऊ द्यायचा. खेळ थांबला की सगळ्यांचाच वेळ जातो हे पोरांच्या ध्यानात येतं, आणि मग कधीतरी त्यातलंच एखादं बारकं पोरगं म्हणतं, "माझ्या पायाला लागून गेलाय, त्यांचा आहे." त्या क्षणी खेळ थांबवून सगळ्यांसमोर त्याला शाबासकी द्या, नाव घेऊन. गोल केल्यावर देता तेवढी मोठी द्या. एका शाबासकीत जे होतं ते तासभराच्या उपदेशानं होत नाही.

पोरांना उदाहरण सांगायचं असेल तर जर्मनीचा स्ट्रायकर मिरोस्लाव्ह क्लोजे, तेव्हा लाझिओकडून खेळायचा, त्याचं सांगा. सप्टेंबर २०१२, इटलीत नापोली विरुद्ध लाझिओ, क्लोजेच्या हाताला लागून बॉल गोलमध्ये गेला आणि रेफ्रीनं गोल दिला. क्लोजेनं स्वतः जाऊन रेफ्रीला सांगितलं की हाताला लागला होता, गोल रद्द झाला, आणि समोरच्या टीमच्या खेळाडूंनी येऊन त्याच्याशी हात मिळवला. लाझिओ ती मॅच ३-० अशी हरली, हेही पोरांना सांगा, लपवू नका. खरं बोललं की जिंकतोच असं सांगितलं तर पोरांना ते खोटं आहे हे पुढच्याच मॅचला कळतं.

तिसरी गोष्ट, रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं आणि ते वाक्य सुद्धा पाठ करून घ्यायचं. "सर, काय दिलंत?" किंवा "मॅडम, कुणाचा बॉल?" एवढंच. उत्तर आलं की "ठीक आहे" म्हणून मागं फिरायचं. कॅप्टन दर मॅचला बदला, म्हणजे सगळ्यात तापट पोरावर पण एकदा ती जबाबदारी येते आणि ते पोरगं त्या दिवशी किती शांत असतं बघा.

चौथं, कुणी पडलं तर काय करायचं. समोरच्याला हात देऊन उठवणं चांगलंच, पण आधी "लागलं का?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. डोक्याला लागलं असेल तर ओढून उठवायचंच नाही, हात वर करून रेफ्रीला आणि कोचला बोलवायचं. आणि कोच-पालकांनी एवढं पक्कं लक्षात ठेवा, डोक्याला मार लागल्यावर पोराला गरगरतंय, उलटीसारखं होतंय, काही आठवत नाही, असली नुसती शंका आली तरी त्या दिवसाचा खेळ बंद आणि डॉक्टरला दाखवायचं. फायनल असली तरी.

न लागता पडून लोळायचं नाटक पण प्रॅक्टिसमध्येच मोडून काढा. टीव्हीवर बघून पोरं ते लई लवकर शिकतात. त्याला सुद्धा पिवळं कार्ड आहे. आणि पिवळ्या कार्डानं काय होतंय असं कुणी म्हटलं तर २०१८ चा वर्ल्ड कप सांगा, जपान आणि सेनेगल यांचे पॉइंट सारखे, गोल सारखे, आपसातली मॅच पण बरोबरीत, शेवटी कार्डं मोजली, जपानची पिवळी चार आणि सेनेगलची सहा, जपान पुढं गेला आणि सेनेगल घरी.

मॅचच्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. पोरांनी रेफ्रीला आणि समोरच्या कोचला नमस्कार करायचा, मॅच संपल्यावर दोन्ही टीमशी हात मिळवायचा, जिंकलो तरी आणि हरलो तरी. हात मिळवताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं, तळहात नुसता घासत पळायचं नाही.

रेफ्रीबद्दल एक सांगतो. लहान गटाच्या मॅचेसना शिट्टी घेऊन उभा असतो तो बऱ्याचदा कॉलेजात जाणारा पोरगा किंवा पोरगी असते, लाइनवर कुणी नसतं, एकट्यानं सगळं मैदान बघायचं, ऊन डोक्यावर आणि मानधन किरकोळ. त्याचा ऑफसाइड चुकणारच. त्याच्यावर पन्नास माणसं ओरडली तर पुढच्या सीझनला तो शिट्टी हातात धरणार नाही, आणि रेफ्री नसेल तर तुमच्या पोराची मॅच पण नाही. नवीन कोचनं हेही लक्षात ठेवावं की २०१९ पासून रेफ्री कोचला सुद्धा पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतो, आणि बेंचवरून कोण ओरडलं ते कळलं नाही तर कार्ड तिथल्या सगळ्यात सीनियर कोचला मिळतं. म्हणजे तुमच्या मागं बसलेल्या हौशी काकांच्या शिवीचं बिल तुमच्या नावावर.

आता नियमही जरा माहीत असू द्या, अर्धी हुज्जत नियम माहीत नसल्यामुळं होते. गोलकीपरनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर २०२५ पासून समोरच्यांना कॉर्नर मिळतो. ड्रॉप बॉलला, म्हणजे थांबलेला खेळ रेफ्री बॉल खाली टाकून पुन्हा सुरू करतो तेव्हा, आता दोन्हीकडच्या पोरांनी झोंबायचं नसतं, तो एका टीमच्या एकाच खेळाडूला देतात आणि बाकी सगळे किमान चार मीटर लांब. जुन्या काळी खेळलेले पालक यावरून हमखास भांडतात.

पालकांनो, तुमची पायरी

उभं कुठं राहायचं? साइडलाइनपासून दोन पावलं मागं, कोच ज्या बाजूला आहे त्याच्या समोरच्या बाजूला, आणि गोलपोस्टच्या मागं अजिबात नाही, तिथं उभे राहिलात की पोरगं दर मिनिटाला मान वळवून तुमच्याकडं बघतं.

ओरडायचं काय? पोराच्या पायात बॉल आला की कोच म्हणतो "पास", बाबा म्हणतात "मार, मार", काका म्हणतात "पुढं घे", आणि त्या पोराचे पाय तिथंच अडकतात. बॉल जातो, आणि मग तेच तिघं म्हणतात लक्ष नव्हतं. असं होताना मी इतक्या वेळा बघितलंय की आता आमच्या टीममध्ये आम्ही साधा नियम केलाय, कोच सोडून कुणीही सूचना द्यायची नाही, टाळ्या वाजवा, पोराचं नाव घेऊन "भारी" म्हणा, समोरच्या टीमनं चांगलं केलं तर त्यांच्यासाठी पण वाजवा. "घे त्याला अंगावर", "पाड त्याला" हे शब्द तोंडातून आले तर कोचनं खेळ थांबवून त्या पालकाला बाहेर जायला सांगायचं. मोठ्या माणसाला सांगायला अवघड वाटतं, म्हणून तर ते आधीच सही केलेल्या कागदावर असलं पाहिजे.

पेठेपेठेतली ईर्षा मला मोडायची नाहीये. ईर्षेशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल नाही. पण ती पोरांच्या पायात असू दे, गॅलरीतल्या मोठ्यांच्या हातातल्या दगडात नको. लहान पोरगं समोरच्या तालमीच्या, म्हणजे दुसऱ्या पेठेच्या टीमच्या, पोराबरोबर एकाच वर्गात बसतं, डबा खातं, त्याला सोमवारी त्याच्याच शेजारी बसायचंय.

आणि मॅचनंतर घरी जाताना. मागच्या सीटवर पोरगं, पुढं बाबा, आणि मंगळवार पेठेपासून घरापर्यंत मॅचचं पोस्टमार्टम, तो बॉल का सोडलास, तिथं का थांबलास. हे बंद करा. गाडीवर बसलेल्या पोराला पळून पण जाता येत नाही. भूक लागलीय का विचारा, वडापाव खाऊ घाला, मॅचबद्दल त्यानंच विषय काढला तर ऐका. चूक कोच पुढच्या प्रॅक्टिसला दाखवेल, त्याचं काम आहे ते.

गोलांचा ढीग झाला तर

लहान गटात ८-०, १०-० असले स्कोअर होतात, कारण एका टीमची पोरं दोन वर्षं खेळतायत आणि दुसरी टीम मागच्या महिन्यात उभी राहिलीय. पुढं असलेल्या कोचनं अशा वेळी पोरांना "गोल मारू नका" म्हणायचं नाही, आणि मागच्या मागं बॉल फिरवत समोरच्यांना पळवायचं तर अजिबातच नाही, तो जास्त अपमान आहे. त्याऐवजी आतल्या आत काम अवघड करा. पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही, गोल फक्त डाव्या पायानं, डिफेन्सवाले पुढं आणि फॉरवर्ड मागं, बेंचवरची सगळी पोरं आत. आणि हे ओरडून सांगू नका, पोराला जवळ बोलवून हळू सांगा, समोरच्यांना कळता कामा नये.

मागं पडलेल्या टीमच्या कोचनं स्कोअर विसरून छोटं टार्गेट द्यावं. एक कॉर्नर मिळवा. तीन पास लावा. ते जमलं की टाळ्या.

मोबाईल

रेफ्रीच्या चुकीचा व्हिडिओ, समोरच्या टीमच्या रडणाऱ्या पोराचा रील, हरलेल्यांना चिडवणारं स्टेटस, यातलं काहीही टाकायचं नाही. ती दुसऱ्याची लहान मुलं आहेत. टीमचे फोटो पण पालकांनी परवानगी दिली असेल तरच. तक्रार असेल तर मॅनेजरनं मॅचनंतर स्पर्धेच्या आयोजकांकडं लेखी द्यायची, काय झालं, कितव्या मिनिटाला, कुणी बघितलं, एवढंच. राग आलेला असताना लिहू नका, आयोजकांनी दिलेल्या मुदतीत शांत झाल्यावर लिहा.

जिथं तडजोड नाही

मारणं, कान पिरगाळणं, हरल्यावर उठाबशा, पाणी बंद करणं, हे शिस्त नाही आणि ते सहन करू नका, कोच कितीही मोठा असला तरी. कोचनं एकट्या पोराशी किंवा पोरीशी रात्री चॅट करायचं नाही, मेसेज पालकांच्या ग्रुपवर. कपडे बदलायच्या खोलीत एकच मोठा माणूस आणि पोरं असं नको, कायम दोन मोठे हवेत, पोरींच्या टीमबरोबर बाहेरगावी जाताना एक बाई सोबत हवीच. पोरगं अचानक मैदानावर जायला नको म्हणायला लागलं तर "आळशी झालास" म्हणून ढकलू नका, आधी बसून ऐका. लैंगिक त्रासाचा विषय असेल तर पोक्सो कायदा २०१२ आहे, आणि कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं हे माहीत असलेल्या प्रत्येकाचं कायद्यानं कर्तव्य आहे, क्लबची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवता येत नाही. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८, तो पोरांना पण पाठ असू द्या.

आपल्याच पोरानं मारामारी केली तर

होतं असं. चांगल्या पोरांच्या हातून पण होतं. पहिल्यांदा त्याला बाहेर घ्या, पाणी द्या, दहा मिनिटं काही बोलू नका. मग विचारा काय झालं, आणि समोरच्यानं आधी मारलं असेल तरी त्यानं काय केलं एवढंच बोला. मॅच संपल्यावर त्यानं स्वतः जाऊन त्या पोराला सॉरी म्हणायचं, कोच शेजारी उभा राहील, पण बोलायचं पोरानं. आई-बाबांनी त्याच्या वतीनं माफी मागायची नाही.

ठरल्याप्रमाणे एक मॅच बसवायचं, स्टार खेळाडू असला तरी, समोर सेमीफायनल असली तरी. पण त्या मॅचला त्याला घरी ठेवू नका. किट न घालता मैदानावर येऊ दे, बाटल्या भरू दे, सबस्टिट्यूशनची चिठ्ठी नेऊन देऊ दे, टीमबरोबर हात मिळवायच्या रांगेत उभा राहू दे. पुढच्या मॅचला त्याचं नाव सुरुवातीच्या टीममध्ये लिहा आणि झालेला विषय पुन्हा काढू नका.